सातव्या घरचा नारळ

१

“सातवा नारळ ॲग्नेसचा. मी असले-नसले तरी तिच्या हातात तूच द्यायचा, सुचेता. कुणाबरोबर पाठवायचा नाही.”

फोनवर मनोरमावहिनींचा आवाज तापानं बारीक झाला होता, पण सांगणं नेहमीसारखंच ठाम होतं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता तो. वहिनी दरवर्षी उद्यापनाला सात घरी नारळ देत. सहा मीरा रोडला पूनम सागरमधल्या त्यांच्याच इमारतीत, आणि सातवा उत्तनच्या ॲग्नेसला. ॲग्नेस वीस वर्षं त्यांच्या दाराशी मासळीची पाटी उतरवत आलेली. त्या दिवशी वहिनींना उठवेना, म्हणून शेजारच्या सुचेताताईंनी सहा नारळ घरोघर पोचवले आणि सातवा आपल्या देवघरात ठेवला. सवडीनं उत्तनला जाऊ, म्हणून.

शनिवारी वहिनींना हॉस्पिटलात नेलं. मंगळवारी त्या गेल्या.

त्याला तीन आठवडे होत आले होते, आणि नारळ देवघरातच होता. सुचेताताई रोज पहाटे आंघोळ करून पोथीचा एक अध्याय वाचत, मग जपाला बसत. साठाव्या-सत्तराव्या मण्याला तो आवाज कानाशी यायचा. नारळाचं सांगून झाल्यावर वहिनी त्या फोनवर आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. आवाज तिथवर येऊन पोचला की सुचेताताई नाम मोठ्यानं म्हणू लागत, आणि तो आवाज मागं राही.

त्या सकाळी जप संपायच्या आतच बेल वाजली. दारात वहिनींचा मुलगा जितेश उभा होता. दाढी वाढलेली, हातात फाइल, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक बाटली.

“काकू, तुम्ही तीस वर्षं लॅबमध्ये होतात. हे रिपोर्ट वाचून द्या मला.”

“काय शोधतोयस, बाळा?”

“विष.” त्यानं बाटली टीपॉयवर ठेवली. तळाशी काळपट गाळ होता. “ॲग्नेसनं आईला काढा आणून दिला, बुधवारी. शनिवारी आई पिवळी पडली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, काही झाडपाल्याचं दिलंत का. लिव्हर गेलं म्हणाले. सोसायटीनं तिला गेटमधून आत यायला बंद केलंच आहे. सोमवारी मी पोलिसात लिहून देतोय.”

“ॲग्नेस कशाला मारेल तिला?”

“मुद्दाम नसेल मारलं. पण मारलं ना?” त्याचा आवाज तुटला. “कुणीतरी मारलंच ना, काकू? साध्या सर्दी-तापानं माणूस कावीळ होऊन मरतं का?”

तो गेल्यावर सुचेताताईंनी चष्मा पुसून फाइल उघडली. सगळ्यात खाली पहिल्या रक्ततपासणीचा कागद होता, शांती नगरच्या लॅबचा. वर बारीक अक्षरात नमुना घेतल्याचा वार आणि वेळ. त्यांनी तो वार वाचला, बाटलीकडं पाहिलं, आणि पुन्हा एकदा वाचला.

२

“सोमवार, सकाळी साडेसात,” सुचेताताई म्हणाल्या आणि कागद डॉक्टर मृणालिनींपुढं सरकवला. वहिनींच्या घरच्या डॉक्टर त्याच. दवाखाना अजून उघडायचा होता, बाकं रिकामी होती.

“हा रिपोर्ट मी पाहिलाच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “जितेशनं मला एवढंच कळवलं होतं, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह.”

“त्यानं तेवढंच पाहिलं. सगळे तेवढंच बघतात. पण तापाच्या तपासणीत यकृताचे आकडेही येतात. हा बघा. चाळीसच्या आत हवा, तो शहाण्णव आहे. आदल्या शनिवारी ताप आला, सोमवारी सकाळी रक्त काढलं. ॲग्नेस बाटली घेऊन आली बुधवारी.”

डॉक्टर कागदावर वाकल्या. “आणि माझ्या गोळ्या सोमवारी दुपारी सुरू झाल्या. म्हणजे हे ना काढ्याचं, ना औषधाचं.”

“मग कशाचं?”

“तापाचंच. हॉस्पिटलात घशाचा नमुना तपासला, त्यात फ्लू निघाला, माहितेय ना तुम्हाला? फ्लूचा विषाणू राहतो नाकाघशात, फुप्फुसात. पण शरीर त्याच्याशी झगडायला लागलं की ती झुंज तेवढ्या जागेत राहत नाही. रक्तात जे काही उसळतं ते यकृतातून जातं, आणि त्याचा मार यकृतालाही बसतो. कोविडच्या वेळी तर आम्ही हे रोज बघत होतो. खोकला छातीत आणि आकडे यकृताचे वाढलेले.”

“त्यानं माणूस जातं?”

“एवढ्यानं नाही, शक्यतो. बहुतेकांना कळतही नाही. आठ-पंधरा दिवसांत आपोआप भरून येतं.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “शहाण्णववर वहिनी जायला नको होत्या, सुचेताताई. यकृत दुखावलेलं होतं. त्या दुखावलेल्या यकृतावर नंतर काहीतरी ओझं पडलं. पाच दिवस पडत राहिलं. ते काय, हे मला हा कागद सांगत नाही.”

“काढा असू शकेल?”

डॉक्टरांनी कागद परत सरकवला. “असूही शकेल,” त्या म्हणाल्या. “काढ्यात काय होतं ते कुणाला ठाऊक आहे का?”

३

शनिवारी सकाळी सुचेताताईंनी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. निघताना देवघरापाशी त्या थांबल्या होत्या. नारळाला हात लावला, आणि मग तो तिथंच ठेवला. ज्या बाईवर संशय आहे तिची ओटी कशी भरायची? नारळ खाली ठेवताना आतलं पाणी हललं. वाटेतलं मुर्धा गाव गेलं, राई गेलं, तरी ते हलणं त्यांच्या तळहातात होतं.

ॲग्नेसच्या अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत नव्हते. काठ्या रिकाम्या होत्या. ओट्यावर नाताळचा गोठा अजून मांडलेला होता. गवत होतं, मेंढ्या होत्या, आई-बाप होते. मधली जागा मात्र मोकळी होती.

“बाळ ठेवलं न्हाय या साली,” ॲग्नेस म्हणाली. तिनं सुचेताताईंची नजर पाहिली होती. “फ्रेडी म्हनला, आई ठेव. मी म्हनली, माज्या हातान न्हाय ठेवनार. या हातान काय केलं ते देवाला म्हाईत हाय.”

“काय केलंस तू?”

“तुला म्हाईत न्हाय? सगल्या मीरा रोडला म्हाईत हाय.” ती कोरडं हसली. “टोपच फेकला मी, बाय. आईचा होता. तिच्या आईचा. त्या टोपातला काढा पिऊन अर्ध्या गावाची पोरं मोठी झाली. आनि माजी मनोरमा मेली.”

“काय घातलं होतंस त्यात? सगळं सांग. काही गाळू नकोस.”

“गालतच न्हाय मी. गालला तर त्याचा गुन जातो.” ती बोटांवर मोजत सांगू लागली. “अडुलशाचा पाला. आलं. काली मिरी, आखी. गूल. आनि लसून, मूठभर, ठेचून.”

“लसूण?”

“मग? लसनाबिगर काढा कसला?”

“आणि वहिनींनी घेतला तो?”

“घेतला. शुक्करवारी फोन केला मी. म्हनली, रोज दोन टायम घेतला, ॲग्नेस, बाटली संपली, बरं वाटतंय.” ॲग्नेसनं पदरानं तोंड पुसलं. “बरं वाटतंय म्हनली. आनि दुसऱ्या दिवशी तिला नेली.”

सुचेताताई उठल्या. वहिनींना त्या पंचवीस वर्षं ओळखत होत्या. वहिनींनी मार्गशीर्षात काय केलं असतं नि काय नसतं, हे त्यांना स्वतःच्या हाताच्या रेषांसारखं पाठ होतं. लसूण हा शब्द मनात खड्यासारखा टोचत राहिला.

पायरीवर ॲग्नेसनं मागून विचारलं, “बाय, दर साली ती माज्यासाठी नारल ठेवते. या साली ठेवला न्हवता काय?”

चपला घालायला सुचेताताई उगीच खूप वेळ वाकून राहिल्या.

४

त्याच दुपारी सुचेताताई वहिनींच्या घरी गेल्या तेव्हा जितेशचे वडील गुणवंतराव खिडकीपाशी बसले होते. त्यांना एका कानानं ऐकू कमी येई, म्हणून सुचेताताई दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या.

“भावजी, वहिनी आजारपणात स्वयंपाकघरात जात होत्या का?”

“जायची की. रोज. सकाळ-संध्याकाळ कोरफडीला पाणी घालायला.” ते हसले, आणि हसू तिथंच विरलं. “अंगात एकशे तीन ताप. म्हटलं, मी घालतो. तर म्हणे, नको, ते माझं काम आहे, तुम्ही बसा.”

“तुळशीला?”

“तुळशीला नाही. तुळशीचं म्हणे स्वप्नालीला सांगितलंय. कोरफडीचं मात्र कुणाला करू देईना.”

सुचेताताई स्वयंपाकघरामागच्या छोट्या बाल्कनीत गेल्या. वॉशिंग मशीनच्या आड कोपऱ्यात कुंडी होती. तीन आठवड्यांत तिला कुणी पाणी घातलेलं नव्हतं, माती तडकली होती. मातीवर काळपट पापुद्रा धरला होता. त्यांनी चमच्याच्या टोकानं तो उचलला. खाली वाळलेल्या लसणाच्या पाकळ्या होत्या, ठेचलेल्या. आल्याचे दोरे. आणि काळी मिरी, अख्खी, एक, दोन, पाच, नऊ.

त्या तिथंच फरशीवर बसल्या.

मार्गशीर्षाचा महिनाभर वहिनींच्या तोंडात कांदा-लसूण जात नसे. एकवेळ जेवण, गुरुवारी नुसतं पाणी. पण उत्तनहून मैत्रीण बाटली घेऊन आली तर तिला “मला चालत नाही गं” म्हणणं वहिनींना जमलं नसतं. त्यांना नाही म्हणताच येत नसे. बाटली घ्यायची, गोड बोलायचं, आणि तुळशीत लसूण घालायचा नाही म्हणून कोरफडीत ओतायचं. ॲग्नेसला वाईट वाटू नये म्हणून फोनवर सांगायचं, बरं वाटतंय.

ॲग्नेसच्या काढ्याचा एक थेंबही वहिनींच्या पोटात गेला नव्हता.

सुचेताताईंना हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी दुसरीच शंका आली. वहिनींनी जर कुणाला म्हणून नाही म्हटलं नाही, तर व्रताच्या आड न येणारं जे जे कुणी हातावर ठेवलं, ते त्यांनी निमूट घेतलंच नसेल का?

दारात सून उभी होती, स्वप्नाली. “काकू, खाली काय बसलाय? काय शोधताय?”

“स्वप्नाली,” सुचेताताई हळूच म्हणाल्या, “तू सासूबाईंना कुठली गोळी देत होतीस?”

स्वप्नालीचा चेहरा उतरला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

५

रविवारी सकाळी चौघं टेबलाशी बसली. पौषातला रविवार, सुचेताताईंचा सूर्याचा उपास होता. त्यांनी काढ्याची बाटली आणि मातीतलं सगळं एका बशीत ठेवलं होतं आणि सोमवारच्या रिपोर्टपासून कुंडीपर्यंत सारं शांतपणे सांगितलं होतं. जितेश बशीकडं बघत राहिला.

“मग कशानं गेली ती?” तो म्हणाला.

“ज्यानं त्यानं आईला दिलेल्या गोळ्या आणा. पाकिटासकट.”

जितेशनं ऑफिसच्या बॅगेतून गोळ्यांचा पत्ता काढला. “ही डॉक्टरांची. तापाची. दिवसाला तीन. सकाळी मी स्वतः द्यायचो, दुपारी-रात्री फोन करून घ्यायला लावायचो.”

स्वप्नालीनं ओट्याच्या खणातून काढला. “ही सर्दीची. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दिली. रात्रभर नाक चोंदायचं त्यांचं, झोप नव्हती. सोमवारपासून तीन वेळा. मी सांगितलं नाही, कारण हे ओरडतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस म्हणून.”

गुणवंतरावांनी चष्म्याची डबी उघडली. चष्म्याखाली घडी घातलेला पत्ता होता. “माझी पाठदुखीची,” ते म्हणाले. “अंग ठणकतंय म्हणायची ती. मंगळवारपासून देत होतो. दोन-तीन. तिला म्हटलं, पोरांना बोलू नको.”

सुचेताताईंनी तिन्ही पत्ते उलटे केले आणि शेजारी शेजारी ठेवले. एक निळा, एक हिरवा, एक चंदेरी. नावं तीन. मागं बारीक अक्षरात काय आहे ते त्यांनी जितेशला वाचायला सांगितलं.

त्यानं पहिलं वाचलं. “पॅरासिटामॉल, साडेसहाशे.” दुसरं वाचलं. “पॅरासिटामॉल, पाचशे, आणि...” तिसऱ्यापाशी त्याचा आवाज आला नाही. ओठ हलले फक्त.

“तिन्हीत तेच आहे,” सुचेताताई म्हणाल्या. “एकटी कुठलीही चालली असती. पण दिवसाचं मिळून साडेचार हजार मिलिग्रॅमच्या घरात जात होतं. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसालाही ते जास्त. वहिनी एकेचाळीस किलोच्या. महिनाभर एकवेळ जेवलेल्या. तापात पेजेवर. आणि यकृत फ्लूनं आधीच दुखावलेलं. स्वप्नालीच्या गोळीचं कळल्यावर मी काल संध्याकाळी पुन्हा डॉक्टरांकडं जाऊन आले. त्या म्हणाल्या, तराजूत घालून आता कुणी सांगू शकणार नाही, किती विषाणूचं नि किती गोळ्यांचं. पण उपाशी पोटी हे ओझं दुप्पट होतं.”

स्वयंपाकघरात कुकर गार होताना एकदा टक्क वाजला.

“आईनं का नाही सांगितलं?” जितेश म्हणाला. “एकदा तरी म्हणायचं, बाबा देतायत, स्वप्ना देतेय.”

“तिनं आपल्यापैकी कुणाला कधी नाही म्हटलंय?” गुणवंतराव म्हणाले. “मी आणि स्वप्नालीनं तिला दोन गुपितं दिली. तिनं दोन्ही पाळली.”

स्वप्नाली टेबलावर डोकं टेकून रडू लागली. जितेश पत्त्यांकडं बघत म्हणाला, “म्हणजे आम्ही तिघांनी मिळून.”

“तिघांनी नाही,” सुचेताताई म्हणाल्या. “चौघांनी.”

तो आवाज आता कानाशी आला होता. या वेळी त्यांनी नाम घेतलं नाही. त्याला पुढं येऊ दिलं.

“गुरुवारी वहिनींचा मला फोन आला होता. नारळाचं सांगितलं. आणि मग विचारलं, ‘सुचेता, फार ग्लानी येतेय गं. आज थोडं काही खाऊ का?’” सुचेताताईंनी टेबलाची कड धरली. “मी म्हटलं, वहिनी, शेवटचाच गुरुवार आहे, निभतंय तर निभवा. देवी बघतेय. आणि त्या हो म्हणाल्या. मलाही त्या नाही म्हणाल्या नाहीत. मी लॅबमधली बाई. उपाशी माणसाच्या रक्ताचे आकडे मी तीस वर्षं लिहिले. मला कळायला हवं होतं.”

६

बऱ्याच वेळानं जितेश उठला. तक्रारीचा टाइप केलेला कागद त्यानं फाइलमधून काढला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला.

“सोसायटीला मी सांगतो,” तो म्हणाला. “गेटवर स्वतः उभा राहून सांगतो. पण ॲग्नेसमावशीकडं... काकू, जायला मला तोंड नाही.”

“आधी मी जाते. तुम्ही नंतर या. तिघंही.”

स्वप्नालीनं डोळे पुसून गॅस पेटवला होता. काहीतरी करत राहावं म्हणून असेल, पण थोड्या वेळानं तिनं पोह्यांच्या बशा आणल्या. सुचेताताईंपुढची बशी तिनं मध्येच मागं घेतली. “विसरलेच. तुमचा रविवार ना आज?”

“हो,” सुचेताताई म्हणाल्या. “दे इकडं.”

त्यांनी खिडकीतल्या उन्हाला हात जोडले आणि सावकाश, एकही शीत न टाकता, सगळे पोहे खाल्ले. सत्तावीस वर्षांत पौषातला रविवार त्यांनी पहिल्यांदा मोडला. देव रागावल्यासारखा वाटला नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत त्या पाणी प्यायल्या.

घरी येऊन त्यांनी देवघरातून नारळ उचलला. त्याला हळदीकुंकू लावलं, नव्या खणात बांधला. बांधताना आतलं पाणी हललं, आणि त्या क्षणभर थांबून ऐकत राहिल्या. आवाज आला नाही. पुढच्या वाक्याला भ्यायचं आता काही उरलं नव्हतं, आणि पहिलं वाक्य तर त्यांना पाठच होतं.

ॲग्नेसच्या ओट्यावरचा गोठा आज-उद्या निघेल. त्याआधी पोचायला हवं. मधल्या रिकाम्या जागेत बाळ ठेवायला तिचे हात मोकळे व्हायला हवेत.

खण पदराआड धरून सुचेताताईंनी दाराला कडी घातली आणि भाईंदरकडं जाणाऱ्या रिक्षाला हात केला.